परदेशी पाठवायचा फराळ : दांडिया बाजारच्या काकूंकडचा अनुभव

आधीच सांगते, काकूंचं नाव आणि फोन नंबर यात मिळणार नाही. लिहू का, असं विचारलं तेव्हा हातातला सोऱ्या खाली न ठेवताच म्हणाल्या, "चांगलं लिही, वाईट लिही, पण नंबर नको गं. आहेत त्याच ऑर्डरी निभता निभत नाहीत." बडोद्यातल्या मराठी मंडळींना पत्ता काढायला फार वेळ लागणार नाही. नवरात्र बसलं की त्या गल्लीच्या तोंडापर्यंत भाजणीचा वास येतो, तेवढी खूण पुरे.

दुकान नाही, पाटी नाही. जुन्या वाड्याचा मागचा चौक, दोन मोठ्या शेगड्या आणि हाताखाली चार बायका. त्यातल्या दोघी गुजराती; मराठी सगळं समजतं, उत्तर गुजरातीत. एरवी वर्षभर काकू पुरणपोळ्या आणि सणावारांच्या ऑर्डरी घेतात. पितृपक्ष संपला की ते सगळं बंद, आणि मग दिवाळीपर्यंत फक्त परदेशी जाणारा फराळ. गावातल्या गिऱ्हाइकाला त्या दिवसांत सरळ सांगतात, "तुम्ही इथेच आहात ना? मग घरी करा, नाहीतर जगदीशमधून आणा."

गेल्या दिवाळीतले भाव किलोचे असे होते : चकली ५६०, पातळ पोह्यांचा चिवडा ४२०, करंजी ६४०, बेसनाचे लाडू ६२०, अनारसे ७२०, शंकरपाळे ४००. पॅकिंगचे वेगळे. कुरिअरचे पैसे परस्पर एजंटला द्यायचे. स्वस्त म्हणता येणार नाही. आमच्या कारेलीबागेत चकली याहून बरीच कमी भावात मिळते, आणि ती अगदीच टाकाऊ असते असंही नाही.

मुळात पाठवायचाच कशाला, हा प्रश्न माझ्या लेकीचाच. ती न्यू जर्सीत असते. एडिसनचा ओक ट्री रोड तिच्यापासून पाऊण तासावर, आणि तिथे चकलीपासून उटण्यापर्यंत काय वाट्टेल ते मिळतं. "आई, कुरिअरचे पैसे मला पाठव, मी इथे पोतंभर घेईन," असं तिचं म्हणणं. हिशेबाने बरोबर आहे. पण तिथल्या दुकानांत जास्त करून मिळते ती गुजराती चकरी, तांदळाच्या नाहीतर गव्हाच्या पिठाची, आलं-मिरची लावलेली. आम्ही बडोद्याची माणसं, चकरीला नावं ठेवणार नाही. चहाबरोबर मीही खाते. दिवाळीच्या ताटात मात्र भाजणीची, काटेरी, मोडताना आवाज करणारी चकली लागते. पाकिटातली 'भाजणी चकली' मिळते म्हणा, पण ती कधी तळली आणि कुठल्या तेलात, हे पाकीटच जाणे.

दुसरं असं, की तिकडे फराळ एका घरापुरता नसतोच. लेकीच्या गोतावळ्यात नागपूरचे आहेत, कोल्हापूरचे आहेत, ठाण्याचे, इंदूरचे. दिवाळीत सगळे एका घरी जमतात आणि जिचं पार्सल आलं असेल ती ते घेऊन येते. मग कुणाच्या आईची चकली, कुणाच्या सासूचे अनारसे, यावर तास दोन तास चर्चा. म्हणजे पार्सल गेलं की माझीच काय, सगळ्या बडोद्याची परीक्षा. माझ्या कोपरात आता चार किलो भाजणी मळायची ताकद राहिलेली नाही, म्हणून काकू.

काकूंनी वही उघडली. पहिला प्रश्न : "कुठला देश?" दुसरा : "तिकडचा कार्यक्रम कुठल्या शनिवारी?" तिसरा : "खाणाऱ्यांत दात नसलेलं कोणी आहे?" किलोचा विषय त्याच्या नंतर. या तीन प्रश्नांसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देते, आणि हे सगळं लिहायला घेतलं तेही त्यांच्यामुळेच.

देश का विचारतात ते मला वहीत बघूनच कळलं. दुबई आणि सिंगापूर या नावांपुढे लाल पेनाने 'खसखस नाही' असं लिहिलेलं. दोन्हीकडे खसखस आत न्यायला बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते ती. अनारसा म्हटला की एका अंगाला खसखस आलीच. तिकडे जाणाऱ्या अनारशांना काकू तीळ लावतात. चव बदलते हे त्याही मान्य करतात, पण नातवाला अनारसा मिळावा म्हणून कस्टममध्ये कुणाला उभं करायचं का? ऑस्ट्रेलियासाठी खव्याचं काही घेतच नाहीत. पेढे-बर्फी तिथे विमानतळावरच काढून ठेवतात. अमेरिकेला कढीलिंबाची ताजी पानं चालत नाहीत, कारण त्यांच्यावरून येणारी कीड तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लावते. एक बाई चिवड्याच्या पिशवीत वरून चार ताज्या डहाळ्या खोचायला निघाल्या होत्या. "लेकीला आवडतो म्हणून," असं त्या सांगत होत्या. काकूंनी डहाळ्या काढून त्यांच्याच हातात परत दिल्या.

आता शनिवार. हे ज्यांची मुलं बाहेर नाहीत त्यांना कळायचं नाही. २०२५ ची दिवाळी आठवा. इथे बडोद्यात आमच्या गुजराती शेजाऱ्यांनी लक्ष्मीपूजन केलं २० ऑक्टोबरला, आम्ही पंचांग बघून २१ ला. एकाच जिन्यात दोन संध्याकाळी दोन पूजा. न्यू जर्सीत हा वादच नव्हता. तिथल्या घड्याळाने अमावस्या २० तारखेला सकाळी सव्वासहाच्या सुमारास लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या आत संपली. संध्याकाळ मिळाली ती एकच. पण ती सोमवारची. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी असते. न्यू जर्सीत ते गावागावाच्या शाळा मंडळावर आहे, काही गावं देतात, काही नाही. मुलांना सुट्टी मिळाली तरी आईबापांना कुठली? सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन लेकीने पूजा केली, नातवाच्या हातात एक फुलबाजी दिली आणि मंगळवारचे डबे भरायला घेतले.

खरी दिवाळी शनिवारी. आणि शनिवारसुद्धा एक नाही. घरचा फराळ ठरला १८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी. मंडळाचा कार्यक्रम ८ नोव्हेंबरला, कारण शाळेचं सभागृह त्या आधी मोकळं नव्हतं. तोवर इथे आम्ही तुळशीचं लग्न लावून, उसाची टिपरी खाऊन मोकळे झालो होतो. हे काही आज सुरू झालेलं नाही. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासून आहे, लंडनचं तर १९३२ पासून. नोकरी-धंद्याच्या गावी सण सुट्टीच्या वारी सरकवायचा, ही सोय तिकडच्या लोकांनी केव्हाच अंगवळणी पाडून घेतली आहे. इकडून फराळ पाठवणारे मात्र अजून कालनिर्णय समोर ठेवून पार्सल करतात, आणि मग ८ नोव्हेंबरला ताटात खवट चिवडा येतो.

काकूंनी १८ आणि ८ या दोन तारखा लिहून घेतल्या आणि माझी यादी अर्धी खोडली. "करंजी सगळी अठराची. चिवडा अठराचा. लाडू अठराचे, उरले तर घरात. आठ तारखेला काही चकली आणि शंकरपाळे." कारणही सांगतात. करंजीतलं आणि चिवड्यातलं खोबरं सगळ्यांत आधी खवट होतं. चकली नीट तळलेली असली आणि पाकीट न उघडता राहिली तर महिनाभर हलत नाही. शंकरपाळ्यांना तर काहीच होत नाही. प्रत्येक पाकिटावर जाड मार्करने १८ किंवा ८ असा आकडा येतो. ८ ची पाकिटं खोक्याच्या तळाला, म्हणजे उघडणाऱ्याला मोह होऊ नये.

चकलीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे तिचेच वाजवी वाटले. भाजणी चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, वर मूठभर पोहे, धणे आणि जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. माझ्या डोळ्यांसमोर एकीने उडीद डाळ जरा लाल केली तर काकूंनी ती तशीच बाजूला काढून ठेवली, घरच्या थालीपिठाला होईल म्हणून. दळण सकाळी पहिलं, गिरणीत गहू पडायच्या आधी. उकळत्या पाण्यात तीळ, ओवा, तिखट, मीठ आणि मोहन घालून त्यात भाजणी, वर झाकण, मग मळणं. मोहनातच सगळं गणित आहे. जास्त पडलं की चकली तोंडात विरघळते, पण प्रवासात तिचा भुगा होतो. कमी पडलं की दगड. काकू पार्सलच्या चकलीला घरच्यापेक्षा मोहन थोडं कमी घालतात आणि ती उणीव मंद आंचेवर भरून काढतात. तेल सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं, शेगडीशेजारी १५ किलोचे डबे रचलेले. चकली तेलात गेली की बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत त्या झारा लावत नाहीत. प्रत्येक घाण्यातली एक चकली मोडून उजेडाकडे धरतात. आत नळी पडलेली दिसली तर घाणा पास, नाही तर तो बायकांच्या चहाबरोबर. मग रात्रभर सुती कापडावर. कोमट असताना भरली की वाफ धरते आणि पाकीट उघडेपर्यंत सादळून जाते, हे आपल्याला माहीत असतं, पण घाईत कोण थांबतं? काकू थांबतात. एका गृहस्थांचं विमान रात्रीचं होतं, ते दारात उभे राहून घड्याळ दाखवत होते, तरी त्यांनी गरम चकली भरून दिली नाही. आदल्या दिवशीची दिली.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोल्हापूरवाल्यांच्या सासूबाई. त्या तेव्हा मुलाकडे गेलेल्या होत्या आणि त्यांची कवळी नवी होती. त्यांच्यासाठी जास्त मोहनाच्या, हाताने दाबली तरी मोडतील अशा चकल्यांचं एक छोटं पाकीट वेगळं आलं. वर लिहिलेलं, 'आजी'. या पाकिटाचे जादा पैसे लावले नाहीत.

बाकीचं भराभर. अनारसे जाळीदार, तुपात तळलेले, उत्तम. अर्धा किलो सांगितले याची हळहळ लेकीला वाटली, मला बिल बघून वाटली नाही. करंजीचं आवरण छान खुसखुशीत, पण सारणात साखर सढळ आणि खोबरं बेताचं. शंकरपाळे माझ्या मते फारच गोड. मी तसं म्हटलं, तर उत्तर आलं की तिकडची मुलं ते चहाबरोबर खात नाहीत, नुसते खातात, म्हणून गोड. पटलं नाही. चिवडा चवीला चांगला, पोहे कुरकुरीत, पण त्याचं दुखणं वेगळंच आहे.

ते दुखणं म्हणजे जागा. माझी उभी नोकरी बिलं तपासण्यात गेली, त्यामुळे कुरिअरचं बिल मी गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचते. विमानाने जाणाऱ्या पार्सलचं वजन दोन प्रकारे धरतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. आमचं खोकं ४५ बाय ३५ बाय ३४. भागाकार आला १०.७१, म्हणजे बिल ११ किलोचं. काट्यावर खोकं पॅकिंगसकट भरलं ८.९. दीड किलो चिवड्याने एक तृतीयांश खोकं अडवलं होतं. म्हणजे हवेचं भाडं भरायचं.

काकू यात मुरलेल्या आहेत. चकल्या साऱ्या एका मापाच्या, साडेतीन वेढ्यांच्या, कारण त्यांच्या गोल बरण्यांचा घेर तेवढाच. बरणीत चकल्या एकावर एक उभ्या रचतात, दोहोंच्या मध्ये बटर पेपरची चकती. बरण्यांच्या मधल्या सापटीत शंकरपाळ्यांच्या पिशव्या कोंबतात, त्यामुळे बरण्या हलत नाहीत आणि सापटही फुकट जात नाही. मठिया कच्चे पाठवतात. मटकीच्या पिठाचे पातळ लाटलेले, गुजरातेतल्या उत्तरसंडा गावाहून मागवलेले. अर्धा किलोची चळत दिवाळी अंकाएवढी जागा घेते. तिकडे तेल तापवून सोडायचे, क्षणात फुगतात. तळून पाठवले असते तर त्यांनाच एक खोकं लागलं असतं.

आणि काट्याच्या दोन किलोंची जी सूट उरली, ती मी वापरून घेतली. दोन दिवाळी अंक, पितळी पणत्यांची जोडी, उटण्याची पुडी. आकार वाढला नाही, वजन ११ च्या आत राहिलं, पैसे तेवढेच. अंक फराळाइतकेच महत्त्वाचे. आमच्या घरी त्यांच्याशिवाय फराळाचा डबा उघडत नाहीत. काकूंना ही युक्ती ठाऊक होती, पण सगळ्यांना सांगत नाहीत म्हणे. "सांगितलं की लोक वरवंटा आणून देतात."

पाठवण्याचं प्रकरण गेल्या वर्षी जरा अवघड होतं, ते त्यांच्या हातात नव्हतं. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकली. जकात वसूल कुणी करायची हे ठरलेलं नसल्यामुळे आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेची पार्सलं घेणं बंद केलं. सुरू केलं १५ ऑक्टोबरला. दिवाळीला पाच दिवस राहिले असताना! त्यामुळे एरवी पोस्टाने जाणारे लोकही खासगी कुरिअरकडे वळले आणि भाव चढले. १०० डॉलरच्या आतल्या भेटीला सूट होती, आमचा फराळ त्याच्या निम्म्यातच होता, त्यामुळे जकातीचा प्रश्न आला नाही.

कागदपत्रांची बाजू काकूंच्या भाच्याकडे. 'चिवडा' एवढं लिहून भागत नाही. तळलेल्या पोह्यांचा खाऊ, घटक अमुक, वजन तमुक, असं इंग्रजीत लिहावं लागतं. शिवाय अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाला खाण्याचं पार्सल पोचायच्या आधी सूचना द्यावी लागते. तुम्ही स्वतःच्या घरी करून स्वतःच भेट म्हणून पाठवलंत तर ती लागत नाही. मी करणार काकूंकडून आणि पाठवणार माझ्या नावाने, म्हणजे ती सवलत आपल्याला नाही. 'होममेड' लिहा, काही होत नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. भाचा सूचना भरतो, तिचा क्रमांक खोक्यावर चिकटवतो आणि एक प्रत आपल्याला देतो. हिशेबी माणसाला बरं वाटतं.

आकडे सांगते, म्हणजे अंदाज येईल. फराळ ४,१३० रुपये, पॅकिंग ४५०. कुरिअर किलोला ८९० ने ९,७९०. फराळापेक्षा त्याचं विमान दुपटीहून महाग. आमच्या यांनी बिल वाचलं आणि विचारलं, "यात आपण दोघं मुंबईला जाऊन येऊ शकलो असतो का?" आलो असतो.

दसऱ्यानंतर निघालेलं खोकं कोजागिरीनंतर चार-पाच दिवसांत पोचलं. शनिवारी, म्हणजे आमच्या इथे रविवारची पहाट, लेकीने व्हिडिओ कॉल लावून फोन ओट्यावर टेकवून ठेवला आणि विसरून गेली. त्यामुळे मला सगळं फुकटात बघायला मिळालं. चकल्यांच्या दोन बरण्यांत मोडलेल्या दोन-तीनच, त्याही वरच्या. नागपूरकरणीने काटे बघून आधी शंका घेतली आणि मग बरणी आपल्या बाजूला ओढून घेतली. इंदूरच्या घरातून शेवेचे तीन प्रकार आले होते, लवंगेची, लसणाची आणि साधी. पोरांनी फराळाच्या ताटाला कसंनुसं तोंड केलं होतं, पण मठिया तळायला घेतल्याबरोबर सगळी ओट्याला येऊन चिकटली. एक सोडला, फुगला, ओरडा, पुन्हा एक. ठाणेकर विचारत होते, दिवाळीला हे मराठी घरात कसं काय? लेक म्हणाली, गायकवाड १७३४ पासून बडोद्यात आहेत, इतक्या वर्षांत शेजाऱ्यांकडून ताटात एवढंसुद्धा येणार नाही का? मला मनातून फार बरं वाटलं. तिला तारखा कधी पाठ नसत.

कारीट फोडायला मिळत नाही म्हणून सोमवारी पहाटे अभ्यंगाच्या वेळी नातवाने अंगठ्याखाली चेरी टोमॅटो फोडला आणि भिंत रंगवली, हे काकूंच्या सेवेत मोडत नाही, पण उटणं त्याच खोक्यातून गेलं होतं.

८ नोव्हेंबरचं मला फोनवर कळलं. सभागृहात खरी ज्योत लावायला परवानगी नाही, त्यामुळे रंगमंचावर बॅटरीचे दिवे. माझ्या पणत्या टेबलावर नुसत्या शोभेला. पाकिटं तिथे उघडली. चकली कुरकुरीत होती. शंकरपाळे मुलांनी संपवले, तेव्हा गोडाबद्दलचं माझं मत मी मागे घेत नाही, पण काकूंचंही खोटं नव्हतं म्हणायचं. घरी उघड्या राहिलेल्या चिवड्यातल्या खोबऱ्याला मात्र तोवर वास यायला लागला होता, आणि इथे माझी तक्रार आहे. इतकी काळजी घेणाऱ्या बाईने लांबच्या चिवड्यात खोबऱ्याचे काप घालावेतच कशाला? शेंगदाणे आणि डाळं वाढवून भागतं. मी सांगितलं, तर "खोबऱ्याशिवाय चिवडा म्हणजे भेळ" असं ऐकावं लागलं.

आणखी तक्रारी. बेसनाच्या लाडवांतले काही खोक्यात फुटले. त्यांना कागदी वाट्यांपेक्षा काहीतरी टणक लागतं. फोन दुपारी दोन ते चारच्या मध्येच उचलतात. पैसे घेतल्याची पावती नाही, वहीत टिक करतात आणि ती टिकच पावती. दसऱ्यानंतर यादीत एक करंजी इकडची तिकडे करू देत नाहीत. कुरिअर एजंटाने तर, त्याचं नाव घेत नाही, खोकं मुंबईला पुन्हा मोजलं म्हणून अर्ध्या किलोचे जादा पैसे मागितले. मी टेपने मापं घेऊन फोटो काढून ठेवले होते, ते दाखवले. काकूंनी त्याला फोनवर गुजरातीत जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मागणी मागे घेतली गेली. खोकं बंद व्हायच्या आधी टेप लावून फोटो काढा, एवढं माझं ऐका.

दोन किलोच पाठवायचं असेल तर काकूंकडे जाऊ नका. लहान पार्सलला किलोचा भाव फार चढा पडतो. एकाच गावात जाणाऱ्या दोन घरांनी मिळून एक खोकं केलं तर परवडतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बेनचा मुलगाही न्यू जर्सीतच आहे, यंदा तिचे घुघरे, म्हणजे गुजराती करंज्या, आणि माझ्या चकल्या एकत्र जाणार आहेत.

यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे दिवाळी उशिरा आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर २०२६ ला, आणि तो रविवार. इथे आणि तिथे एकच तारीख, शिवाय सुट्टीचा वार, म्हणजे सगळ्यांना सगळं त्याच शनिवार-रविवारी हवं असणार. काकू अनंत चतुर्दशीनंतर, म्हणजे २५ सप्टेंबर झाला की वही उघडतात, आणि गेल्या वर्षी नवरात्र बसायच्या आतच ती भरली होती. मी चिवडा बिनखोबऱ्याचा सांगणार आहे. बघू, घेतात का.